पट्टी सांगणारं मशीन

साल सत्त्याण्णव. मी एकसष्ट वर्षांचा होतो, आणि तोवर माझ्या कानाला कुणी नावं ठेवली नव्हती.

बावड्याला माझं बाजाच्या पेट्या दुरुस्त करायचं दुकान होतं. शाळा चौथीपर्यंत, तीही मधूनमधून. पेटी मला कुणी शिकवली नाही. उघडायची, बघायची, परत लावायची, असं करत करत आली. या धंद्यात पहिली गोष्ट लागते ती संशय. हत्यारं नंतर. गिऱ्हाईक कधी खरं सांगत नाही. कोऱ्हाळे बुद्रुकचे एक भजनी बुवा पेटी घेऊन आले. म्हणाले, "आबा, नुसती ठेवल्या जागी बंद पडली बघा." मी पाठ उघडली, तर भात्यात उसाचं पाचट.

"बुवा, ठेवल्या जागी पाचट कुठनं आलं? ट्रॅक्टरमधनं पडली व्हय?"

"पडली न्हाय ओ. उतरली."

"वरनं?"

"आता उतरायचं म्हणजे वरनंच की."

अशी सगळी माणसं. आणि पेटीही तशीच. आवाज एकीकडं घरघरतो, दुखणं भलतीकडं सापडतं. त्यामुळं कुणी काही सांगितलं की हा असं का सांगतोय, हेच माझ्या डोक्यात आधी येतं. बायको म्हणायची, तुमी देवळात गेला असता तर देवालाबी उघडून बघितलं असतं. आम्ही देवळात जाणारी माणसं नव्हतो, म्हणून देव वाचले.

दुकान हा अर्धा धंदा. बाकीचा अर्धा म्हणजे वडगाव निंबाळकरच्या विमलच्या गायन पार्टीत पेटी वाजवणं. जयंती, विहाराचं उद्घाटन, लग्न, कुठंही बोलावणं आलं की आम्ही निघालो. विमलला विचारूनच हे लिहितोय. ती आता गात नाही. म्हणाली, "लिवा आबा, पण माझं वय लिवू नका." म्हणून लिहीत नाही.

इथं एक गोष्ट सांगावी लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. पेटीवर पांढऱ्या पट्ट्या सात आणि त्यांच्या मधेमधे काळ्या पाच, दोन्ही वेगवेगळ्या मोजायच्या, की परत तेच वरच्या आवाजात सुरू. गाणाऱ्याचा सा ज्या पट्टीवर धरतात, ती त्याची पट्टी. कुणाची पांढरी एक, कुणाची काळी दोन. एक घर म्हणजे लगतची पट्टी, मग ती काळी असो की पांढरी. एक घर वर सरकलं की सगळं गाणंच तेवढं वर जातं, आणि वरच्या ओळीला छाती लागते. विमलची पट्टी काळी चार. आमच्या भागात दुसरी बाई त्या पट्टीवर उभी राहत नव्हती.

गायन पार्ट्यांचे सामने व्हायचे. दोन स्टेज समोरासमोर, एक पार्टी सवाल टाकणार, दुसरी जवाब देणार. समोरच्या पार्टीचा पेटीवाला मान लांब करून आधी माझी बोटं बघायचा. शब्द नंतर. बोटं काळी चारवर दिसली की तिकडं कुजबुज व्हायची. निवेदक माइकवर सांगायचा, "काळी चारवर गाणाऱ्या आमच्या विमलताई!" आणि लोक शिट्ट्या मारायचे. वय झालं की पार्ट्या गुपचूप पट्टी उतरवतात. मग समोरचा पेटीवाला मुद्दाम मोठ्यानं विचारतो, "काय ओ, आज खालीच बसला व्हय?" हे मी दुसऱ्यांना विचारलेलं आहे. मला कुणी विचारायची वेळ आली नव्हती.

तर त्या साली पुण्याच्या एका कॅसेटवाल्यानं विमलची गाणी काढायची ठरवलं. तिची पहिलीच कॅसेट. मात्र अट अशी की वाजवण्याचा सगळा भाग बारामतीत करून ठेवा, मग आमचा माणूस तिथं येऊन त्यावर आवाज भरून घेईल. हा वाजवण्याचा भाग करणारा माणूस म्हणजे प्रशांत. स्टँडच्या मागं त्याचा कम्प्युटर क्लास होता. मागच्या खोलीत भिंतींना अंड्यांचे रिकामे ट्रे ठोकलेले, दाराला गोधडी. पंखा बंद ठेवायचा, कारण त्याचा आवाज येतो. आत बसलं की अंड्यासारखं उबवून निघायचं.

पहिल्याच दिवशी प्रशांत मला म्हणाला, "आबा, पेटी आणू नका. पेटीचा आवाजबी कीबोर्डमधीच हाय."

मी म्हणालो, "मग मी कशाला पाहिजे?"

"तुमी चाली सांगायला."

म्हणजे पेटी घरी आणि पेटीवाला खुर्चीवर. कीबोर्ड वाजवणार दिलीप. तोही वडगावचाच, त्याला बोटं मीच शिकवलेली. प्रशांतबद्दल संशय तिथूनच सुरू झाला. गोड बोलणारा, चहा पाजणारा, आणि दर दोन वाक्यांनी "आबा" म्हणणारा. इतकं आबा म्हणणाऱ्या माणसाला काहीतरी पाहिजे असतं.

त्याच्या कम्प्युटरात गाणं साठवायची एक रीत होती, तिला तो मिडी म्हणायचा. मला वाटलं टेपसारखंच असेल. तसं नव्हतं. त्यानं समजावलं ते असं, की यात आवाज नसतोच. कुठली पट्टी कधी दाबली, किती जोरात, कधी सोडली, एवढंच त्यात राहतं. नंतर मशीन तेच परत दाबल्यासारखं करतं. म्हणजे वाजवणारा निघून गेला तरी त्याची बोटं तिथं राहतात. हे ऐकून मला बरं वाटलं नाही.

आणि त्याच्यावर कडी म्हणजे त्यानं पुण्याहून एक सीडी आणली होती. त्यात एक प्रोग्राम होता. मिडीची फाईल त्याला दिली की गाणं कुठल्या पट्टीतलं ते तो सांगायचा. प्रशांतला सुरातलं काही कळत नव्हतं, हे तो स्वतःच सांगे. ढोलकीवाला इंदापूरहून वेगळ्या दिवशी यायचा. त्याला ढोलकी कुठल्या पट्टीला चढवायची ते सांगावं लागे. म्हणून प्रशांतला हा प्रोग्राम पाहिजे होता.

मी म्हणालो, "आयुष्य गेलं माझं पट्टी ओळखण्यात. आता डबा सांगणार?"

"बघा तर खरं, आबा."

दिलीपनं एक चाल वाजवली. प्रशांतनं बटणं दाबली. पडद्यावर एक इंग्रजी अक्षर आलं. प्रशांत म्हणाला, "पांढरी चार." बरोबर होतं. दुसरी वाजवली, ती काळी एक. तीही बरोबर.

आता अक्षर इंग्रजी, आणि वाचून सांगणाराही तोच. मी बाहेर जाऊन दिलीपकडून ती सात अक्षरं शिकून आलो. एसटीच्या नंबराच्या पाटीवर बघितलेली होतीच, नावं कळली. मग मी स्वतः वाचायला बसलो. तरी बरोबर. मग माझ्या ध्यानात आलं की फाईल ठेवताना प्रशांत तिला नाव देतो. त्या नावातच पट्टी लिहीत असेल आणि प्रोग्राम तेवढंच वाचत असेल.

"नाव बदल," मी म्हणालो.

"काय ठेवू?"

"म्हैस."

त्यानं हसत हसत म्हैस ठेवलं. प्रोग्रामनं म्हशीचीही पट्टी बरोबर सांगितली. दिलीप तोंडावर रुमाल धरून खोलीबाहेर गेला.

शेवटी एका गाण्याला मशीन फसलं. त्या चालीचा मुक्काम मध्यमावर आहे. सा पांढरी एक, पण चाल सारखी पांढरी चारवर जाऊन बसते. प्रोग्राम म्हणाला, पांढरी चार. मी मांडीवर थाप मारली. प्रशांत काही रागावला नाही. म्हणाला, "आबा, त्याला कान न्हाईत. कुठल्या सुरावर गाणं जास्त येळ बसलं ते मोजतंय आन् अंदाज सांगतंय. अंदाज चुकतो कधी."

एवढं सरळ कोण सांगतं? मला त्याचा आणखीच संशय आला.

मग विमलचं मोठं गाणं आलं. कॅसेटच्या पहिल्या बाजूला पहिलं असणार होतं ते. वरची ओळ चढत चढत तार सा ला जाऊन थांबते आणि तिथं ती थांबली की मैदान उभं राहतं. विमल त्या दिवशी आली होती. कोपऱ्यात पदर घेऊन गप्प बसलेली. दिलीपनं वाजवायला घेतलं. मी त्याच्या बोटांवर नजर ठेवून. काळी चार. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मी शिकवली तशी.

प्रशांतनं फाईल प्रोग्रामला दिली. पडद्यावर अक्षर आलं, जी. म्हणजे पांढरी पाच. काळी चारच्या एक घर खाली.

"हे चुकलं," मी म्हणालो. "परत टाक."

परत जी. दिलीपला परत वाजवायला लावलं. परत जी. त्या चालीत मध्यमाचा मुक्काम नाही, काही नाही. फसायला जागाच नव्हती.

"प्रशांत, मी डोळ्यानं बघितलं. बोटं काळी चारवर होती."

"आबा, मशीनला जे आलं तेच ते सांगतंय."

"का तू सांगतोयस?"

"मी कशाला सांगू?"

मग मी बोलायला नको ते बोललो. प्रशांतची मावसबहीण एका ऑर्केस्ट्रात गायची, हे मला दिलीपनं मागं सांगितलं होतं. मी म्हणालो, "आमची पट्टी खाली पाडायची, म्हणजे उद्या पुण्यात म्हणायला मोकळे, ही बाई आता खलास झाली, आमची पोरगी घ्या. व्हय का न्हाय?"

प्रशांतचा चेहरा उतरला. पहिल्यांदाच त्यानं आबा म्हटलं नाही. "तुमाला काळी चारच पाहिजे ना? एक बटण दाबलं की सगळं गाणं एक घर वर सरकतंय. सरकवू?"

"सरकव."

त्यानं कोपऱ्याकडं बघितलं. "ताई?"

विमल म्हणाली, "आबा म्हणत्यात तसं करा."

त्यानं बटण दाबलं. प्रोग्रामला फाईल परत दिली. काळी चार. मी खुर्चीत मागं टेकून बसलो. तेवढ्यात लाईट गेली. सगळे चहाला बाहेर निघाले.

मी मागं राहिलो. संशय होताच. प्रशांतनं कम्प्युटरमध्ये काय केलं ते मला बघता येणार नव्हतं, पण कीबोर्ड ही शेवटी पेटीची जातच. मी गोधडी बाजूला सारून उजेड आत घेतला आणि कीबोर्ड वरून खालून न्याहाळत बसलो. काही कळेना. थोड्या वेळानं लाईट आली आणि कीबोर्डच्या छोट्या खिडकीत आकडे उजळले. कोपऱ्यात एक आडवी रेघ आणि तिच्यापुढं एक.

दिलीप चहाचा ग्लास घेऊन आत आला. मी बोट दाखवलं. "हे काय रं?"

त्यानं ग्लास खाली ठेवला. "काय न्हाय आबा, ते असतंच."

"मघाशी चाली वाजवल्या तवा नव्हतं."

तो बघेना. मी त्याचं मनगट धरलं आणि त्याच्याच बोटानं एक पट्टी दाबली, मग ती रेघ घालवायला लावून तीच पट्टी परत दाबली. पट्टी तीच, आवाज वर. एक घर पूर्ण. त्या कीबोर्डवर तशी सोय होती. बोटं काळी चारवर ठेवायची, आवाज पांढरी पाचचा निघणार, आणि मशीनलाही तोच कळणार. जवळ पेटी असती तर मला पहिल्या सुराला कळलं असतं. पेटी घरी होती. कानाला काळी चार वाटली, कारण डोळ्याला बोटं दिसत होती. 

"कुणी शिकवलं तुला हे? प्रशांतनं?"

"आबा, मनगट सोडा."

"कुणाचे पैसे खाल्लेस?"

"कुणाचे न्हाय ओ! ताईनी सांगितलं."

विमल दारात उभी होती. प्रशांत तिच्या मागून आत येत होता. तिनं त्याला हातानं थांबवलं, दिलीपला बाहेर पाठवलं आणि माझ्यासमोर बसली.

"व्हय. मीच सांगितलं."

"का?"

"वरचा सा लागत न्हाय आबा. दोन जयंत्या झाल्या."

"गातीस की. गेल्या महिन्यात इंदापूरला गायलीस."

"इंदापूरला वरची ओळ कुणी म्हणली? मी हात वर केला आन् कोरसनं म्हणली. लोकांना वाटलं चालच तशी. तुमी शेजारी बसून पेटी वाजवत हुता, तुमाला कळलं न्हाय?"

मला कळलं होतं. मी म्हणायचो, थंडी आहे, धूळ आहे, आदल्या दिवशी ताक प्यायली असेल. ताकावर मी किती दिवस ढकललं असतं कोण जाणे.

"मला सांगायचं हुतंस."

"सांगितलं की. लासुर्ण्याच्या कार्यक्रमावरनं येताना जीपमधी म्हणलं, आबा, पांढरी पाच करून बघू का. तुमी काय म्हणला?"

मी चहाचा ग्लास उचलला. तो दिलीपचा होता, परत ठेवला.

"तुमी म्हणला, कुणी कान भरले तुझे? आन् मग वडगाव येईस्तोवर एकेकाचं नाव घेत बसला. ढोलकीवाल्याचं, माझ्या जावेचं, दिलीपचं. बिचारा दिलीप पुढं बसून ऐकत हुता. परत कोण सांगंल तुमाला?"

बाहेर क्लासची पोरं टाइप करत होती, त्याचा खडखडाट ऐकू येत होता.

"गावात कोरसमागं लपता येतं," विमल म्हणाली. "कॅसेटमधी लपत न्हाय. आता तुमी गाणं वर सरकवलंय. रविवारी पुण्याचा माणूस येणार, मी काळी चारला उभी राहीन. तुमचा शब्द मोडणार न्हाय. आवाज फाटला तर फाटला. पण तो फाटका आवाज घरोघर वाजंल आबा. त्यानंतर मी माइक धरणार न्हाय, हे आत्ताच सांगून ठेवते."

ती रडत नव्हती. रडली असती तर मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली असती.

पट्टी उतरवायची हे मला आजही पटलेलं नाही. माझं म्हणणं, ती आधी बोलली असती तर रियाज वाढवला असता, काळी चार आणखी काही वर्षं टिकली असती. ती म्हणते, टिकली नसती. आमचं यावर अजून भांडण आहे. पण त्या दिवशी रविवार तोंडावर होता आणि बाई खरं बोलत होती, एवढं मला ऐकू आलं.

मी उठून दाराशी गेलो. "प्रशांत, ते गाणं पहिलं जसं हुतं तसं ठेव."

तो आत आला. "पांढरी पाच?"

"पहिलं हुतं तसं."

"म्हणजे मशीन बरोबर हुतं, आबा?"

आबा परत आला होता. खोलीत विमल, दारात दिलीप, त्याच्या मागं क्लासची दोन पोरं. एवढ्या लोकांत काय सांगणार? दिलीपची लबाडी सांगितली असती तर विमलचा आवाज गेला ही बातमी संध्याकाळच्या एसटीनं सगळ्या तालुक्यात गेली असती.

"मशीनला काय कळतंय," मी म्हणालो. "माझी पेटी उतरलीय. जुनी पेटी उतरती कधी. तुमची पांढरी पाच ती माझ्या पेटीची काळी चार. आमी त्याच पट्टीवर गातो."

दिलीपनं मान खाली घातली. विमल माझ्याकडं बघत राहिली, मी ज्या नजरेनं गिऱ्हाइकांकडं बघतो तसं. प्रशांतला मात्र खरं वाटल्यासारखं दिसलं. त्याला सुरातलं काही कळत नव्हतं, आणि जे कळत नाही ते जाणून घ्यायची त्याला हौस भारी.

"असं असतं व्हय? मग रविवारी पेटी आणाच आबा. कीबोर्डशेजारी ठेवून बघू. पुण्याच्या माणसालाबी दाखवू."

"आणतो की," मी म्हणालो. तोंडातून गेलं, परत घेता येईना.

बावड्याची गाडी मिळाली तेव्हा दिवस मावळत होता. प्रशांत हे मुद्दाम म्हणाला की भाबडेपणानं, याचाच विचार मी सगळ्या वाटेनं करत होतो. अजून नक्की सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं नाही. ओसरीवर पोतं अंथरलं, माझी स्वतःची पेटी त्यावर घेतली आणि पाठ उघडली. पेटीच्या आत प्रत्येक पट्टीखाली पितळेची एक पातळ जीभ असते, आवाज तिचा. टोकाशी घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. एक घर उतरवायचं म्हणजे पुष्कळ घासावं लागतं, पितळ पातळ होतं, आणि शहाणा कारागीर चांगल्या पेटीला असं करत नाही.

बायको चहा घेऊन आली. "चांगली तर वाजत हुती. काय झालं तिला?"

"उतरलीय."

"काल परवापत्तर तर न्हवती."

"तुला काय कळतंय?"

ती कप ठेवून तिथंच उभी राहिली, मी काय करतो ते बघत.

काळी चारची जीभ मुळाशी घासायला घेतली. कानशीचे चार हात फिरवायचे, जागेवर बसवायची, शेजारच्या पांढरी पाचबरोबर दाबून बघायची. दोन सूर जवळ येतात तशी त्यांच्यात एक लहर ऐकू येते, आधी घाईची, मग सावकाश. परत काढायची, परत घासायची. उन्हं ओसरीवर चढली तेव्हा लहर लांबत लांबत थांबली, आणि दोन पट्ट्यांतून एकच आवाज यायला लागला. मग मी पांढरी पाचची जीभ बाहेर काढली, तिला काळी तीनच्या घरात उतरवायची होती, आणि तिच्यामागं ओळीनं बाकीच्या सगळ्या.